सच्छिद्र कार्बन नॅनोतंतूंचे इलेक्ट्रोड : पृष्ठफळ भरपूर, मग जास्त प्रवाहाला धारकता का कोसळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विषय सुपरकपॅसिटरच्या, म्हणजे कार्बनच्या पृष्ठभागावर आयन जमवून भार साठवणाऱ्या साधनाच्या, इलेक्ट्रोडचा आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे पॅन (यातून कार्बन मिळतो), आणि पीएमएमए (तापवल्यावर निघून जाऊन छिद्रे सोडणारे बहुलक) एकाच द्रावणात मिसळून इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे विजेच्या उच्च दाबाने द्रावणाचे बारीक तंतू ओढून, तंतूंची मॅट तयार केली, ती हवेत स्थिर केली, नायट्रोजनमध्ये ८०० अंश सेल्सिअसला तिचे कार्बनीकरण केले आणि शेवटी केओएचने, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडने, सक्रियण केले, म्हणजे कार्बनमध्ये सूक्ष्म छिद्रे पाडली. बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजन वायू किती शोषला जातो यावरून काढलेले) २४०० चौ. मी. प्रति ग्रॅम आले. मॅटची सेंटिमीटरभर रुंद पट्टी चिमट्यात धरून ६ मोलर केओएचमध्ये तीन इलेक्ट्रोडांच्या मांडणीत मोजली, तेव्हा ०.५ अँपिअर प्रति ग्रॅमला २९० फॅरड प्रति ग्रॅम धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, मिळाली. पण २० अँपिअर प्रति ग्रॅमला ती ९० वर आली. मॅट ठिसूळही झाली आहे. आता सक्रियण वाढवून पृष्ठफळ ३००० पर्यंत न्यावे, की पीएमएमए वाढवून छिद्रे मोठी करावीत, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते सध्या दोन्हींपैकी काहीच करू नये. आपल्या आकड्यांवरून अडचण आयनांच्या वाटेत दिसत नाही, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत दिसते. आणि हे दोन्ही उपाय ती वाट आणखी बिघडवतील.

आधी पृष्ठफळाचा विचार करू. २९० फॅरडला २४०० चौ. मी.ने भागले की दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ मायक्रोफॅरड येतात. कार्बनच्या पृष्ठभागावरील विद्युत् द्विस्तराची (पृष्ठभागावरचा भार आणि त्यासमोर जमलेले आयन यांच्या जोडथराची) धारकता सामान्यतः ५ ते २० मायक्रोफॅरड प्रति चौ. सेंमी. या पट्ट्यात असते. म्हणजे कमी प्रवाहाला आपला बहुतेक पृष्ठभाग कामाला लागलेला आहे आणि तिथे तक्रारीला जागा नाही. ग्राफीनच्या एकाच थराच्या दोन्ही बाजू मोजल्या तरी सैद्धांतिक पृष्ठफळ २६३० चौ. मी. प्रति ग्रॅम भरते. बीईटीने २४०० दाखवले, याचा अर्थ आपल्या छिद्रांच्या भिंती एक-दोन अणुथरांइतक्याच उरल्या आहेत. इतक्या पातळ भिंतीच्या दोन्ही अंगांना आयन जमले, की आतला विद्युतभार सामावून घ्यायला कार्बनलाच जागा पुरत नाही. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतील गटाने २००५ मध्ये अनेक सक्रिय कार्बन तपासून दाखवले होते, की साधारण १२०० चौ. मी. प्रति ग्रॅमच्या पुढे पृष्ठफळ वाढत गेले तरी दर ग्रॅमची धारकता त्या प्रमाणात वाढत नाही, ती सपाट होत जाते. आपण त्या सपाटीवर बरेच पुढे आलेले आहात. ३००० चा आकडा कागदावर शोभेल, पण त्यासाठी जाळलेला कार्बन मॅटच्या मजबुतीतून आणि वाहकतेतून वजा होईल. शिवाय सूक्ष्मछिद्री कार्बनला बीईटीचे गणित काटेकोरपणे लागू पडत नाही, कारण अरुंद छिद्रांत नायट्रोजन थराथराने बसत नाही, ते छिद्रच भरून टाकते. त्यामुळे इतक्या मोठ्या आकड्याकडे प्रत्यक्ष क्षेत्रफळ म्हणून न पाहता तुलनेचे साधन म्हणूनच पाहावे.

आता मुख्य मुद्दा. जास्त प्रवाहाला धारकता घसरली, की बहुतेक जण लगेच म्हणतात की आयन छिद्रांत पोहोचू शकत नाहीत आणि म्हणून छिद्रे मोठी हवीत. पाच-दहा मायक्रॉनच्या कणांच्या सक्रिय कार्बनबाबत हे निदान पुष्कळदा बरोबर असते. नॅनोतंतूंबाबत ते तपासल्याशिवाय स्वीकारू नये, कारण नॅनोतंतू वापरण्याचे कारणच आयनांचा प्रवास तोकडा करणे हे आहे. तंतूचा व्यास ३०० नॅनोमीटर धरला, तर बाहेरून गाभ्यापर्यंतचे अंतर १५० नॅनोमीटर होते. छिद्राच्या आत आयनांचे विसरण (आपोआप पसरत जाणे) मोकळ्या द्रावणाच्या शंभरपट मंद आहे असे सढळपणे मानून विसरणगुणांक १०⁻¹¹ चौ. मी. प्रति सेकंद घेऊ. अंतराच्या वर्गाला त्याने भागले की दोन-अडीच मिलिसेकंद येतात. हेच गणित दहा मायक्रॉन व्यासाच्या कणासाठी, म्हणजे पाच मायक्रॉन अंतरासाठी केले तर अडीच सेकंद येतात. आपला २० अँपिअर प्रति ग्रॅमचा विसर्जनकाळ (साठलेला भार रिकामा होण्याचा वेळ), २९० फॅरड आणि एक व्होल्टची मर्यादा धरून, साडेचौदा सेकंद निघतो. साडेचौदा सेकंदांच्या कामात दोन मिलिसेकंदांचा अडथळा दिसूच नये. हा अंदाज ढोबळ आहे हे खरे, पण तो दहापटीने चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

मॅटच्या जाडीतून जाणाऱ्या द्रावणाचा रोधही पाहून घेऊ. ६ मोलर केओएचची वाहकता खोलीच्या तापमानाला सुमारे ०.६ सीमेन्स प्रति सेंमी. असते. मॅट ५० मायक्रॉन जाड असेल, तर तंतूंमधल्या मोकळ्या जागेतून जाणाऱ्या आयनांना दर चौरस सेंटिमीटरला ओहमचा एक-दोन शतांश रोधच भेटतो. तोही नगण्य आहे.

मग उरतो तो इलेक्ट्रॉनांचा रस्ता, आणि इथे आपण लिहिलेला ‘पट्टी चिमट्यात धरून’ हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चिमटा वरच्या टोकाला असतो आणि पट्टीचा सेंटिमीटरभर भाग द्रावणात लोंबत असतो. खालच्या टोकाकडच्या तंतूंना लागणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन संपूर्ण लांबी तंतूंतून आणि तंतू एकमेकांना टेकतात त्या जोडांतून पार करतो. ८०० अंशांना कार्बनीकरण करून वर सक्रियण केलेल्या मॅटची वाहकता ५ सीमेन्स प्रति सेंमी. धरू, आणि ही उदार धारणा आहे. लांबी १ सेंमी., रुंदी १ सेंमी., जाडी ०.००५ सेंमी. असेल तर पट्टीचा रोध ४० ओहम होतो. प्रवाह वाटेत ठिकठिकाणी द्रावणात उतरत जातो, म्हणून परिणामी रोध त्याच्या साधारण एकतृतीयांश, म्हणजे १३ ओहम, धरावा. अशा मॅटचे वस्तुमान चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मिलिग्रॅम असते. २० अँपिअर प्रति ग्रॅम म्हणजे २० मिलिअँपिअर. गुणाकार केला की ०.२७ व्होल्ट येतात. प्रभारणाकडून विसर्जनाकडे वळताना प्रवाहाची दिशा उलटते, त्यामुळे एका क्षणात होणारी घट याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ०.५३ व्होल्ट असते. एक व्होल्टच्या मर्यादेतली निम्म्याहून अधिक उंची अशा रीतीने रोधातच संपते. धारकता काढताना आपण विभवातील फरक पूर्ण एक व्होल्ट धरला असेल, तर कार्बनची खरी धारकता तसूभरही न बदलता २९० चा आकडा १४० च्या खाली दिसेल. ९० पर्यंतची उरलेली घसरण समजायला चिमट्याशी असलेला खराब संपर्क, किंवा वाहकता ५ ऐवजी ३-४ असणे, एवढे पुरेसे आहे.

म्हणून नवी बॅच करण्याआधी त्याच मॅटवर काही मोजमापे करावीत. विसर्जनाच्या आलेखात सुरुवातीची सरळ उभी घट वेगळी मोजावी आणि धारकता काढताना ती विभवाच्या फरकातून वजा करावी. त्यानंतर मॅटची गोल चकती कापून मागे पूर्ण पाठ टेकेल असा संग्राहक, म्हणजे प्रवाह गोळा करणारा वाहक पत्रा, द्यावा आणि दोन सारख्या चकत्यांमध्ये विभाजक ठेवून दोन इलेक्ट्रोडांचा सेल बांधावा. आता इलेक्ट्रॉनांना सेंटिमीटरऐवजी केवळ ५० मायक्रॉन जावे लागते. तंतू आडवे पडलेले असतात, त्यामुळे जाडीच्या दिशेची वाहकता आडव्या दिशेपेक्षा बरीच कमी असते. ती शंभरपट कमी धरली तरी रोध ओहमच्या दशांशाच्या घरात राहतो. माझा अंदाज बरोबर असेल, तर २० अँपिअर प्रति ग्रॅमला टिकून राहणारी धारकता या एका बदलाने लक्षणीय वाढेल.

संग्राहक म्हणून निकेल फोम वापरण्याचा मोह या ठिकाणी होतो. तो केओएचमध्ये टाळावा. त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होते, त्याच्या रेडॉक्स क्रियेचा भार आपल्या मिलिग्रॅमभर कार्बनच्या खात्यावर जमा होतो आणि धारकता फुगते. ग्राफाइटची पन्नी किंवा प्लॅटिनमची पातळ पट्टी घ्यावी, आणि कोणताही संग्राहक घेतला तरी त्याची कार्बनविना एक चाचणी करून ठेवावी. तीन इलेक्ट्रोडांच्या मांडणीत केओएचसाठी संदर्भ इलेक्ट्रोड म्हणून मर्क्युरी–मर्क्युरी ऑक्साइड योग्य असतो. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड तीव्र अल्कलीत हळूहळू सरकत जातो.

दोन इलेक्ट्रोडांच्या सेलचा हिशेब करताना चौपटीची गफलत सर्रास होते. दोन सारखे इलेक्ट्रोड एकसरीत असल्याने सेलची धारकता एका इलेक्ट्रोडच्या निम्मी असते आणि वस्तुमान दोघांचे मिळून दुप्पट असते. म्हणून दर ग्रॅमची इलेक्ट्रोड-धारकता ही सेल-धारकतेला एकूण वस्तुमानाने भागून चारने गुणल्यावर मिळते. उर्जेचे आकडे मात्र सेलच्या धारकतेवरूनच काढायचे असतात. वस्तुमानाबद्दलही एक सूचना. सक्रिय केलेला कार्बन हवेतील ओलावा भराभर ओढतो. एक मिलिग्रॅमची चकती ०.१ मिलिग्रॅम अचूकतेच्या तराजूवर, तीही न सुकवता तोलली, तर सगळ्या आकड्यांत १० टक्क्यांहून अधिक चूक पहिल्याच पायरीला शिरते. निर्वातात १२० अंशांना सुकवून लगेच तोलावे, आणि शक्य असल्यास सूक्ष्मतराजू वापरावा.

प्रतिबाधेचा, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, नायक्विस्ट आलेखही याच सेलवर घ्यावा. उच्च वारंवारतेच्या अर्धवर्तुळाला पुष्कळ लेखांत ‘भारस्थानांतर रोध’ असे नाव दिलेले असते, पण निव्वळ द्विस्तराच्या इलेक्ट्रोडमध्ये भाराचे स्थानांतर होतच नाही. बहुतेक वेळा ते अर्धवर्तुळ मॅट आणि संग्राहक यांच्यातल्या संपर्काचे असते. याची खातरजमा सोपी आहे : सेलवरचा दाब वाढवावा. अर्धवर्तुळ आकसले तर दोष संपर्कात आहे. दाबाने फरक पडला नाही पण द्रावण विरल केल्यावर ते फुगले, तर दोष आयनांच्या बाजूला आहे. त्यापुढचा ४५ अंशांचा तुकडा छिद्रांमधील वितरित रोधाचा असतो. हे प्रतिमान रोबेर्ट द लेवी यांनी १९६० च्या दशकात मांडले. चांगल्या नॅनोतंतूंच्या मॅटमध्ये हा तुकडा आखूड असायला हवा. आपल्याकडे तो लांबलचक निघाला तर मात्र माझे वरचे निदान अपुरे आहे असे समजावे आणि छिद्रांकडे वळावे.

छिद्रांबद्दल थोडे. जलीय केओएचमध्ये जलावृत पोटॅशियम आयनाचा व्यास सुमारे ०.६६ नॅनोमीटर असतो, त्यामुळे ०.७ ते १ नॅनोमीटरची छिद्रे त्याला पुरतात. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमधला टेट्राइथाइलअमोनियमचा आयन ॲसिटोनायट्राइल या द्रावकामध्ये द्रावकाच्या वेष्टनासह सुमारे १.३ नॅनोमीटरचा आणि वेष्टनाविना ०.६७ नॅनोमीटरचा असतो. २००६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठ आणि तुलूज येथील पॉल साबातिए विद्यापीठाच्या गटांनी कार्बाइडजन्य कार्बनवर दाखवून दिले, की छिद्र १ नॅनोमीटरहून लहान झाले की धारकता कमी होण्याऐवजी वाढते, कारण आयन आपले वेष्टन अंशतः टाकून आत शिरतो आणि भिंतीच्या अधिक जवळ येतो. तोपर्यंत अशी छिद्रे निरुपयोगी समजली जात. म्हणजे भार साठवण्याचे काम सूक्ष्मछिद्रे करतात. २ ते ५० नॅनोमीटरची मध्यछिद्रे त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते असतात. आणि तीनशे नॅनोमीटरच्या तंतूत रस्ते फार लागत नाहीत. पीएमएमए वाढवले की तंतूच्या लांबीत पोकळ नळ्या पडतात, भिंती एकमेकांपासून सुटतात आणि घनता उतरते. पॅन आणि पीएमएमए एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे मिश्रणात पीएमएमएचे थेंब किती मोठे होतील यावर आपला ताबा मर्यादितच असतो. हा ताबा मिळवण्यासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथील गटाने दोन्ही बहुलके एकाच साखळीत जोडलेला खंड-सहबहुलक वापरला आणि २०१९ मध्ये दाखवले, की पृष्ठफळ केवळ ५०० चौ. मी. प्रति ग्रॅमच्या आसपास असूनही ३०० फॅरड प्रति ग्रॅमच्या वर जाता येते. त्यात पॅनमधून आलेल्या नायट्रोजनच्या छद्मधारकतेचाही (पृष्ठभागावरील रासायनिक क्रियेतून साठणाऱ्या भाराचाही) वाटा होता, हे ध्यानात ठेवावे. आपल्या २९० मध्येही तो थोडाफार असणारच; सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये गेल्यावर तो बहुतांशी नाहीसा होतो.

आता ठिसूळपणा. त्याची दोन मुळे संभवतात, आणि पहिले सक्रियणाच्या बरेच आधीचे आहे. हवेतील स्थिरीकरण उष्मादायी असते. मिनिटाला १ अंशाहून फार वेगाने २५०–२८० अंशांकडे गेल्यास तंतू आतून तापतात, पीएमएमए आधीच मऊ झालेले असते आणि तंतू एकमेकांना चिकटून वितळल्यासारखे दिसतात. मॅट सैल सोडली तर ती आकसून सुरकुतते. कडा दोन ग्राफाइटच्या किंवा सिरॅमिकच्या चौकटींत दाबून ताणात ठेवावी. स्थिरीकरण पुरेसे झाले की नाही हे काळसर-तपकिरी रंगावर ठरवू नये. अवरक्त वर्णपटात २२४० प्रति सेंमी.ची नायट्राइलची रेषा बरीचशी मावळलेली आणि १५९० च्या आसपासचा पट्टा वर आलेला दिसला पाहिजे.

दुसरे मूळ केओएच. भुकटीसाठी ते उत्तम साधन आहे. स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या मॅटसाठी मी ते सहसा निवडत नाही. वितळलेले केओएच तंतूला बाहेरून खाते, कार्बोनेट आणि पोटॅशियम धातू तयार होतात, आणि ७०० अंशांच्या पुढे पोटॅशियमची वाफ कार्बनच्या थरांमध्ये घुसून ते फाकवते. पृष्ठफळ त्यामुळेच भरमसाट वाढते आणि तंतूही त्यामुळेच तुटतात. नळीत उरलेला पोटॅशियम धातू पाण्याशी पेट घेऊ शकतो. भट्टी नायट्रोजनच्या प्रवाहातच पूर्ण थंड होऊ द्यावी, नमुना धूरकपाटात आडपडद्यामागे उघडावा, प्रमाण कमी ठेवावे आणि पाण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडेथोडे घालावे. क्वार्ट्झची नळी आणि ॲल्युमिनाची नाव (नमुना ठेवण्याचे नावेच्या आकाराचे भांडे) केओएचने झिजतात. नाव निकेलची वापरावी. धुताना विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग सामू उदासीन होईपर्यंत पाणी.

मॅटसाठी वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड हा मला अधिक विश्वासाचा मार्ग वाटतो. इलेक्ट्रोस्पिनिंगच्या मॅटवरील सुरुवातीचे सुपरकपॅसिटरचे काम दक्षिण कोरियात २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही वाफेचेच सक्रियण होते आणि सुमारे १२०० चौ. मी. प्रति ग्रॅमवर १७३ फॅरड प्रति ग्रॅम मिळाले होते. आपण आधी ९५०–१००० अंशांना कार्बनीकरण करावे, म्हणजे वाहकता येईल. नायट्रोजनचे प्रमाण थोडे घटेल, ते घटू द्यावे. नंतर ८५० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडावा आणि वेळेवर नव्हे, तर वजनातील घटीवर लक्ष ठेवून ३० ते ४० टक्क्यांवर थांबावे. पृष्ठफळ १०००–१३०० च्या घरात राहिले तरी हरकत नाही. दर ग्रॅमचा आकडा २९० वरून खाली येईल, पण मॅट बोटाभोवती वळेल आणि प्रवाह वाढवल्यावर तग धरेल.

शेवटी एक बाब, जी प्रश्नात नाही पण पुढे अडणारी आहे. आपली मॅट चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे घनता ०.२ ग्रॅम प्रति घन सेंमी. असावी. कार्बनची स्वतःची घनता २ धरली, तर मॅटचा ९० टक्के भाग पोकळ आहे आणि तो इलेक्ट्रोलाइटने भरतो : ०.२ ग्रॅम कार्बनसोबत १.१ ग्रॅम केओएचचे द्रावण. घनफळाच्या हिशेबाने २९० फॅरड प्रति ग्रॅमचे ५८ फॅरड प्रति घन सेंमी. होतात. १०० फॅरड प्रति ग्रॅमचा, ०.५ घनतेचा साधा सक्रिय कार्बन ५० देतो. फरक एवढाच. बाजारातील सेलमध्ये इलेक्ट्रोड चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. २० मायक्रॉनची ॲल्युमिनियमची पन्नीच ५.४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे तीच आपल्या मॅटच्या पाचपट जड. म्हणून गॅस-सक्रियणानंतर मॅट मजबूत राहिली, की चार-पाच थर एकावर एक ठेवून रोलरखाली हलकेच दाबून पाहावेत. घनता ०.४ पर्यंत गेली तरी ३०० नॅनोमीटरच्या तंतूंमध्ये द्रावणाला पुरेशी वाट उरते, तंतूंचे जोड घट्ट होऊन वाहकताही सुधारते. दाबण्याआधीची आणि नंतरची प्रतिबाधा एकाच आलेखावर काढावी. ४५ अंशांचा तुकडा वाढू लागला की दाब तिथेच थांबवावा.